धनुष्य, काळवीट आणि तीस पावले : नांदेड-लातूरच्या माळावरील मृगयेचा इतिहास

१/ काळवीट माळावर दोनशे पावलांवरून माणूस ओळखते. धनुष्याचा बाण अचूक लागतो तो फार तर पंचवीस-तीस पावलांवरून. मधले अंतर कसे कापायचे, हा मराठवाड्यातील प्रत्येक शिकाऱ्यापुढचा प्रश्न होता. राजा असो, संन्यासी होण्यापूर्वीचा तरुण असो वा पारधी, प्रत्येकाने त्याचे उत्तर वेगळे शोधले. त्या उत्तरांचा हा इतिहास. थ्रेड 🧵

२/ आरंभी भूगोल पाहू. नांदेड आणि लातूर हे शेजारी जिल्हे. पण त्यांची भूमी एकसारखी नाही. नांदेडच्या उत्तरेस किनवट भागात सागाचे जंगल आहे. तेथे सांबर आणि चितळ आढळतात. लातूर मात्र बालाघाटच्या पठारावरील उघडा, कोरडा मुलूख. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. येथील खरा रहिवासी काळवीट : गवताळ माळाचा, उघड्या आकाशाखालचा प्राणी.

३/ येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सांबर आणि चितळ हे सारंगकुळातील प्राणी. त्यांची शिंगे भरीव आणि फाटे फुटलेली असतात. ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट हे कुरंगकुळातील. त्याची शिंगे पोकळ, पिळदार आणि आयुष्यभराची. मराठीत आपण सर्वांना सरसकट ‘हरीण’ म्हणतो. शिकाऱ्याला तसे म्हणून भागत नसे. जंगलातल्या सांबरावर झाडाआडून दबा धरता येतो. माळावर आड घ्यायला झाडच नसते.

४/ मग शिकारी ऋतूकडे वळला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदाच्या तोंडावर काळविटाचे नर माजावर येतात. वसंतातही असाच एक काळ येतो. वयात आलेल्या नराचा रंग गडद काळा होतो. तो माळाचा एक तुकडा आपला मानतो, लेंड्यांचे ढीग घालून त्याच्या सीमा आखतो, मान उंचावून आणि शिंगे पाठीला टेकवून माद्यांपुढे मिरवतो. दुसरा नर हद्दीत आला की शिंगांना शिंगे भिडतात.

५/ एरवी कळपातील सर्वांत सावध असलेला हा प्राणी या दिवसांत एकाच गोष्टीकडे पाहतो : प्रतिस्पर्धी. अन्नाचे भान सुटते, भय बोथट होते. शिकाऱ्याच्या दृष्टीने दोनशे पावलांचे अंतर आपोआप कमी होते. जगभरातील मृगयेने हे हेरले आहे. अमेरिकेत आजही पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या मागे धनुष्य घेतलेल्या मित्रांच्या टोळ्या निघतात त्या शरदातच, नर माजावर असताना. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला. नियम नवे होते. निरीक्षण हजारो वर्षांचे.

६/ परंतु भारतीय परंपरेने या निरीक्षणाला फार पूर्वीच एक नैतिक प्रश्न जोडला होता. महाभारताच्या आदिपर्वातील पंडू राजाची कथा सर्वांना ठाऊक असते ती शापापुरती. तिचा गाभा मात्र शिकारीच्या ऋतूचा आहे. पंडूने मीलनात गुंतलेल्या मृग-मृगीवर पाच बाण सोडले. तो मृग म्हणजे किंदम ऋषी निघाला आणि त्याने पंडूला शाप दिला.

७/ या प्रसंगातील वाद वाचण्यासारखा आहे. पंडू म्हणतो, राजे मृगांना उघडपणे वा कपटाने मारतातच. अगस्त्यानेही मृगया केली होती. किंदम हे नाकारत नाही. मृग मारला म्हणून माझी तक्रार नाही, असेच तो सांगतो. त्याचा आक्षेप वेळेवर आहे : मीलन संपेपर्यंत थांबायला हवे होते. शिकार करावी की नाही, हा त्या वादाचा विषयच नव्हता. प्राणी सर्वाधिक बेसावध असताना बाण सोडावा काय, हा होता.

८/ राजनीतीच्या ग्रंथांनीही मृगयेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मृगया ही द्यूत, स्त्री आणि मद्यपान यांच्यासोबत राजाच्या कामज व्यसनांत गणली आहे. तरीही त्याच ठिकाणी तिचे लाभ दिले आहेत : व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो, प्राण्याच्या भयाचे व क्रोधाचे ज्ञान होते. सैनिकी शिक्षण म्हणून शिकार, अशी ही भूमिका होती.

९/ आता मराठवाड्याकडे येऊ. बाराव्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, लातूरच्या निलंगा भागाचे शेजारी. देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरे याच काळाची साक्ष देतात. या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ज्ञानकोश रचला. जुन्या मराठीच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे, कारण त्यातील संगीतविषयक भागात आद्य मराठीचे नमुने सापडतात.

१०/ मानसोल्लासाचे शंभर अध्याय. राज्य मिळवण्यापासून ते जेवणाच्या ताटापर्यंत सर्व विषय त्यात आहेत. राजाच्या करमणुकींत मृगयेला मानाचे स्थान आहे. पाणवठ्याशी लपून बसणे, कुत्र्यांचा वापर, चित्त्याकरवी शिकार अशा रीतींची चर्चा तेथे येते. चित्त्याच्या शिकारीचे भारतातील सर्वांत जुने तपशीलवार वर्णन म्हणून अभ्यासक याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. म्हणजे ते वर्णन लातूरच्या उंबरठ्यावर लिहिले गेले.

११/ यांतील एक रीत आपल्या विषयाशी थेट भिडते : दीपमृग. माणसाळवलेले हरीण आमिष म्हणून रानात सोडायचे. रानटी नराला त्यात प्रतिस्पर्धी दिसतो, किंवा मादी असेल तर जोडीदार. तो स्वतःच चालत जवळ येतो. येथे शिकारी अंतर कापत नाही. प्राण्याच्या माजाकडून ते कापून घेतो. पुढे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अशाच रीतीची नोंद केली : शिकवलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळे बांधायचे, झुंज लागली की रानटी नर त्यात अडकतो.

१२/ चित्त्याची शिकारही अंतराच्याच गणितावर उभी होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेत. कारण साधे होते : माणूस दिसताच उधळणारी हरणे बैलगाडीला बुजत नसत. शेतकऱ्याची गाडी त्यांना रोजचीच. शेतीतल्या सर्वांत ओळखीच्या वस्तूचा असा आडोसा करून दरबारी शिकार चाले. टोपी काढली की पुढचा खेळ काही क्षणांचा.

१३/ आता सप्टेंबर १७०८. बादशहा बहादुरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादकडे निघाला होता. त्या स्वारीच्या सोबतीने गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. ते स्वतः निष्णात धनुर्धर होते. नांदेडजवळचा शिकारघाट गुरुद्वारा त्यांच्या येथील शिकारीची स्मृती जपतो. परंपरा सांगते की गुरूंनी तेथे एक ससा मारला आणि पूर्वजन्मीच्या एका शिखाचा, सियालकोटच्या भाई मूलाचा, जीव मुक्त केला. येथे शिकार हा मोक्षाचा मार्ग ठरतो.

१४/ त्याच नांदेडात, गोदावरीच्या काठी, शिकारीला पाठ फिरवलेला एक माणूस राहत होता : माधोदास बैरागी. मूळचा जम्मूकडील राजौरीचा, जन्म १६७०, नाव लछमनदेव. तरुणपणी त्याला शिकारीचा नाद होता. परंपरेप्रमाणे एके दिवशी त्याने एका हरणीवर बाण सोडला. ती गाभण निघाली. पोट फाडल्यावर पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्याने धनुष्य टाकले आणि घर सोडले. नाशिकच्या पंचवटीत योगसाधना करून तो अखेर नांदेडला स्थिरावला.

१५/ किंदमाच्या शापाशी ही कथा ताडून पाहावी. तेथे मीलनाच्या क्षणी बाण लागतो; येथे त्या मीलनाचे फळ पोटात असताना. पंडूने वाद घातला, लछमनदेवाने घातला नाही. कथेचे तपशील पुढच्या काळातील परंपरेतून आलेले आहेत, हे मान्य करूनही तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : त्या समाजात मृगयेलाही मर्यादा आहे, ही जाणीव जिवंत होती आणि ती ओलांडल्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते, असे लोक मानत होते.

१६/ पुढचा भाग भारताच्या इतिहासाला वळण देणारा. गुरू गोविंदसिंग आणि माधोदास यांची भेट नांदेडात झाली. माधोदास गुरूंचा ‘बंदा’ झाला. गुरूंनी त्याला आपल्या भात्यातील पाच बाण दिले आणि पंजाबकडे रवाना केले. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला. हरणीवरील एका बाणामुळे शस्त्र टाकलेल्या माणसाच्या हाती पुन्हा बाण आले. या वेळी लक्ष्य निराळे होते.

१७/ मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत बंदासिंगाने सरहिंदचा फौजदार वजीरखान याचा पराभव केला. गुरूंच्या धाकट्या दोन मुलांच्या हत्येशी याच वजीरखानाचे नाव जोडलेले होते. बंदासिंगाने गुरूंच्या नावाने नाणी पाडली. अखेर तो पकडला गेला आणि जून १७१६ मध्ये फर्रुखसियरच्या काळात दिल्लीत अत्यंत क्रूरपणे मारला गेला. नांदेडचा बंदाघाट गुरुद्वारा त्याच्या आश्रमाची जागा दाखवतो. शिकारघाट आणि बंदाघाट : एकाच गावात शिकारीची स्मृती आणि शिकारत्यागाचीही.

१८/ राजे आणि गुरू यांच्या कथा लिहिल्या गेल्या. ज्यांचे पोट शिकारीवर होते त्यांच्याविषयी लिहिले गेले ते बहुधा पोलिसांच्या वहीत. फासेपारधी हे मराठवाड्यातील माळाचे खरे जाणकार. त्यांचे नावच त्यांच्या अवजारावरून पडले : फास. जनावरांच्या स्नायूंपासून केलेले फास एका लांब दोरीला ओळीने बांधत, कळपाच्या वाटेवर अंथरत, आणि मग काही जण हलक्या पावलांनी कळपाला त्या दिशेने वळवत. हे एकट्याचे काम नव्हे. कुटुंबाची, भावकीची मिळून केलेली पारध होती.

१९/ रसेल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पारध्यांचे अनेक पोटभेद नोंदले आहेत. बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे गायके, चित्ता पाळणारे चित्तापारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकार. बैलाचा आडोसा पुन्हा येथे दिसतो. दरबारी चित्त्याची गाडी आणि गायक्याचा बैल यांमागचे ज्ञान एकच. फरक इतकाच की एकाला विनोद म्हटले गेले, दुसऱ्याला पोटाचा धंदा.

२०/ त्याच ग्रंथात एक आख्यायिका आहे. पारध्यांचा मूळपुरुष एक गोंड. सावजावर नेम धरून मारण्याचे पाप त्याला लागू नये म्हणून महादेवाने त्याला फासाची विद्या शिकवली. म्हणून सामान्य पारधी बंदूक वापरत नाही. फासात सापडलेली गाभण मादी आणि पाडस सोडून देण्याचा संकेतही पारध्यांच्या परंपरेत सांगितला जातो. यामागे धर्मभावना आहे तसा व्यवहारही. सुटलेला बाण परत घेता येत नाही. फासात अडकलेला प्राणी मात्र जिवंत असतो. तो सोडायचा की नाही, हे ठरवायला वेळ मिळतो. किंदमाने जे मागितले होते, ते फासाच्या रचनेतच होते.

२१/ इंग्रज राजवटीने मात्र भटक्या समाजांकडे संशयानेच पाहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पारध्यांवरही हा शिक्का बसला. हजेरी, परवान्याशिवाय प्रवासास मनाई, कुंपणाआडच्या वसाहती. सोलापूरची वसाहत त्यांपैकीच. ज्यांचे जगणे कळपामागे फिरण्यावर अवलंबून, त्यांचे फिरणेच गुन्हा ठरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. शिक्का मात्र कागदावरून गेला तितक्या लवकर लोकांच्या मनातून गेला नाही.

२२/ त्याच सुमारास माळावरून दुसरेही कोणी नाहीसे होत होते. भारतातील चित्ता. रानटी पिल्ले पकडून शिकवण्याची रीत शतकानुशतके चालली. बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही, म्हणून प्रत्येक पिढी रानातूनच आणावी लागे. विसाव्या शतकात कोल्हापूर दरबाराला आपले शिकारी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले, ते यामुळेच. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

२३/ काळविटाचाही ऱ्हास झाला. पण तो धनुष्याने किंवा फासाने केला नाही. दूर पल्ल्याची बंदूक, जीप आणि रात्रीचा प्रखर दिवा यांनी अंतराचा जुना प्रश्नच मिटवून टाकला. तीस पावलांपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ज्ञान, संयम, ऋतूची जाण, काहीच उरले नाही. दोनशे पावले हीच काळविटाची ढाल होती. तिच्या जोडीला माळही नांगराखाली गेला. राजाचा विनोद आणि पारध्याचा धंदा शतकानुशतके ज्या कळपांवर चालले, ते कळप काही दशकांत विरळ झाले.

२४/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीसोबत धनुष्यबाण, जाळी, फास आणि सापळे हेही आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास. १९८० मध्ये नगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झाले, अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे, पण काळविटासाठी राखलेले.

२५/ अमेरिकेने दुसरा मार्ग घेतला. तेथेही विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची हरणे अनेक राज्यांतून जवळजवळ संपली होती. त्यांनी बाजारासाठीची शिकार बंद केली, हंगाम आखले, परवाने लावले. १९३७ च्या कायद्याने शस्त्रे व दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. हरणे परतली, शिकारीही टिकले. भारतात हरणे काही प्रमाणात परतली, पण पारध्याचे ज्ञान आणि उपजीविका यांना कायद्याने कोणताही पर्याय दिला नाही. राजाची मृगया गेली तर राजाचे एक व्यसन गेले. पारध्याची गेली तेव्हा सायंकाळची चूल गेली.

२६/ आज लातूर-नांदेडच्या शिवारात कळप पुन्हा दिसतात. गवताळ माळ उरला नसल्याने हरभऱ्यात, ज्वारीत, सोयाबीनच्या कोवळ्या रोपांत. शेतकरी राखण करतो, नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करतो. अंतराचा प्रश्न उलटा झाला आहे. पूर्वी माणसाला काळविटाजवळ जाता येत नव्हते. आता माळ नाहीसा झाल्याने काळविटाला माणसापासून दूर राहता येत नाही. या गणितात काळविटाच्या वाटा, पाणवठे आणि माजाचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेल्या पारध्याला कोणी विचारले, तर ते त्याच्याही उपयोगाचे ठरेल आणि शेतकऱ्याच्याही.

२७/ नांदेडला जाणे झाले तर शिकारघाट आणि बंदाघाट दोन्ही पाहावेत. मग शरदाच्या एखाद्या सकाळी लातूरकडच्या रस्त्याने जावे. उघड्या पडीक तुकड्यावर मान मागे टाकून उभा असलेला काळा नर दिसला, तर गाडी दूरच थांबवावी. त्या दोनशे पावलांच्या अलीकडे सोमेश्वर थांबला होता, गायक्याचा बैल थांबला होता. ती त्याची आहेत. तेथूनच पाहावे.

(थ्रेड समाप्त)